ऐनवेळचा विषय

अमृतधारा सहकारी साखर कारखान्याच्या गेटवर मोठ्या हिरव्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'झाडे लावा, देश वाचवा'. त्या पाटीच्या खालूनच मळीच्या पाण्याचा पाइप बाहेर पडत होता. यात पाटी रंगवणाऱ्याचा दोष नाही. पाइप टाकणाऱ्याचाही नाही. त्याला चेअरमनसाहेबांनी सांगितलं होतं, जिकडं उतार आहे तिकडं टाक. आणि आपल्या मुलखात उतार कुठल्या बाजूला असतो हे कुणाला विचारावं लागत नाही. गाव वर, बौद्धवाडा खाली.

चेअरमन आबाराव तालुका दारूबंदी समितीचे अध्यक्ष होते. त्यामुळं साखर काढून उरलेल्या मळीपासून दारूचा अर्क गाळायचा विभाग त्यांनी स्वतः नारळ फोडून सुरू केला, तेव्हा लोकांना जरा विचित्र वाटलं. आबाराव भाषणात म्हणाले, हा अर्क औद्योगिक आहे. गावातल्या दोन-तीन उद्योगी माणसांनी तो पिऊन पाहिला आणि ते मान्य केलं. अर्क गाळून जे उरायचं ते काळंतांबडं, गरम, कुबट पाणी आमच्या सावळवाडीच्या ओढ्यात यायला लागलं. त्यावर साय धरल्यासारखा फेस असायचा. मासे मेले, बेडूक मेले, मग काठाची करंजं वाळली. गेटावरची पाटी तेवढी हिरवी राहिली.

त्या ओढ्याच्या काठावर बौद्धवाड्याची विहीर. गावठाणात बोअर होता, पण तो गावठाणापुरता. आमची विहीर सरकारनं दिलेली नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात दिवसभर सरकारी कामावर खडी फोडून आलेल्या आमच्या आयाबापांनी संध्याकाळी संध्याकाळी ती खणली होती. शेजारच्या मोरवडच्या बारवेत तेव्हा पाणी होतं, पण तिच्या पायरीवर आमची घागर चालत नव्हती. मोरवडचे तात्याराव पायरीवर काठी घेऊन उभे असायचे. विचारलं तर म्हणायचे, पाण्याचं नियोजन चाललंय.

आता त्या विहिरीचं पाणी चहाच्या रंगाचं झालं. पोरांच्या अंगावर पुरळ उठलं. विहीर गेली तर बौद्धवाडा उठणार, टँकरच्या मागं फिरत पुणं-मुंबई गाठणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

मच्छिंद्र धाराशिवच्या कॉलेजातून शिकून परत आलेला होता आणि नोकरीची वाट बघत होता. त्यानं ओढा बचाव समिती काढली. समितीत सगळ्यात आधी आली भिमाबाई. नवरा गेलेला, वतनाच्या तुकड्यावर ज्वारी पिकवणारी, बोलायला तिखट. समिती कारखान्यावर गेली तेव्हा आबाराव म्हणाले, "अरे, ही घाण न्हाय, खत हाय खत. परदेशात लोक इकत घेत्यात. तुमच्या दारातनं फुकट वाहायलंय."

भिमाबाई म्हणाली, "मग आबासाहेब, तुमच्या उसाला सोडा की. आमास्नी एवढं फुकटचं पचत न्हाय."

आबाराव मनापासून हसले. गरिबाच्या तोंडचा विनोद त्यांना आवडायचा. दुसऱ्या दिवशी तोच ते डाकबंगल्यावर स्वतःचा म्हणून सांगायचे.

समिती तहसीलसमोर बसली. तहसीलदार म्हणाले, "कायदा आहे, पण तो वरच्या पातळीवरचा."

मच्छिंद्र म्हणाला, "साहेब, मी वाचलाय. सगळ्या देशाला लागू आहे."

"वाचायला सगळ्या देशाला लागू आहे," तहसीलदार म्हणाले आणि जेवायला गेले.

मग तपासणीचे साहेब जीपमधून आले. गेस्ट हाऊसवर मटण खाल्लं, उसाचा रस प्याले, आणि पाण्याचा नमुना घ्यायला निघाले. त्यांनी बाटली बुडवली ती कारखान्याच्या वरच्या अंगाला, जिथं अजून पाइप लागलेला नव्हता. मच्छिंद्र म्हणाला, "साहेब, घाण खाली आहे."

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "खाली वास फार येतो हो. तिथं माणूस उभा राहू शकत नाही."

अहवाल आला. पाणी निर्दोष. त्यानंतर मच्छिंद्रला पोलीस चौकीत बोलावून समजावून सांगण्यात आलं, की कारखान्याला विरोध म्हणजे शेतकऱ्याला विरोध, आणि शेतकऱ्याला विरोध म्हणजे देशाला विरोध. समजावताना त्याची कॉलर धरलेली होती, म्हणून लवकर समजलं.

राहिली एक वाट. कारखाना उभारताना आबाराव शेअर गोळा करत घरोघर हिंडले होते. तेव्हा ते बौद्धवाड्यातही आले, ओसरीवर बसले आणि म्हणाले, कारखाना तुमचाच आहे. भिमाबाईच्या नवऱ्यानं ते खरं मानलं. तो वारल्यावर शेअर तिच्या नावावर झाला. वाड्यातला एकुलता एक. एक सभासद, एक मत. आबारावांचंही एकच. हे सहकाराचं तत्त्व आबारावांच्या प्रत्येक भाषणात असायचं, त्यामुळं ते कुणाच्या ध्यानात राहिलेलं नव्हतं.

सप्टेंबरात कारखान्याची वार्षिक सभा भरली. सभेची रीत ठरलेली. मांडवाच्या एका अंगाला कढया चढवलेल्या, बुंदी पडतेय, आमटीला उकळी. कार्यकारी संचालक, म्हणजे एमडी, माइकवर ठराव वाचतात. ठरावाच्या शेवटी येतं, 'अशी ही सभा एकमताने ठरवीत आहे'. हे शब्द कानावर पडले की मांडवाच्या मधोमध बसलेले टाइमकीपर शिवलिंगअप्पा 'मंजूर' म्हणून आवाज देतात. कारखान्याच्या भोंग्याखालोखाल तालुक्यात त्यांचाच आवाज. मग सगळा मांडव 'मंजूर, मंजूर' करतो. अनुमोदन म्हणून वीरप्पा नावाचे म्हातारे सभासद पहिल्या रांगेतून हात वर करतात. कशाला अनुमोदन, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि त्यांना ऐकूही कमी यायचं. जमाखर्चाचा अहवाल छापलेला असायचा. तो चिखलात बसायला उपयोगी पडायचा.

शेवटचा विषय, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. ऐनवेळी दर वर्षी एकच विषय यायचा, चेअरमनच्या अभिनंदनाचा. त्या वर्षी हा विषय पुकारला आणि भिमाबाई उठून माइककडं चालायला लागली. संचालक मंडळ तिला अडवणार, तेवढ्यात आबारावांनीच हात केला. निवडणूक जवळ आली होती. बौद्धवाड्यातल्या बाईनं अभिनंदन केलं तर फोटोही चांगला येणार होता.

"बोला, भगिनी," आबाराव म्हणाले. "संकोच करू नका. कारखाना तुमचाच हाय."

मच्छिंद्र सभासद नव्हता. तो मांडवाच्या दोरीबाहेर उभा होता, ओठ हलवत. पंधरवडाभर त्यानं भिमाबाईकडून एकच वाक्य घोटून घेतलं होतं. ती माइकसमोर उभी राहिली आणि शाळेतल्या पोरीगत एका दमात म्हणाली, "सावळवाडीच्या ओढ्यात कारखान्याचे मळीचे पाणी यापुढे सोडू नये, अशी ही सभा एकमताने ठरवीत आहे."

शिवलिंगअप्पांचं लक्ष कढयांकडं होतं. त्यांच्या कानावर ओळखीचे शब्द पडले.

"मंजूर," अप्पा गरजले.

वीरप्पांचा हात वर गेला. मांडव म्हणाला, "मंजूर, मंजूर," आणि पंगतीकडं धावला.

मग आबारावांनी एमडींना विचारलं, "काय मंजूर झालं?"

"साहेब, पाणी बंद झालं."

"कुणी केलं?"

"सभेनं, साहेब."

"सभा कवापास्नं करायला लागली?"

शिवलिंगअप्पांना पंगतीतून उठवून आणलं. त्यांच्या मिशीला बुंदी चिकटलेली होती. आबाराव म्हणाले, "अप्पा, मंजूर म्हणायच्या आदी ऐकावं का न्हाय माणसानं?"

अप्पा बिचारे गोंधळले. "साहेब, ऐकून म्हणायचं असतंय हे मला कुणी बोललंच न्हाय की."

आबाराव दुसऱ्याच दिवशी ठराव मोडीत काढणार होते. पण सभेला एका दैनिकाचा बातमीदार आलेला होता. सवलतीची साखर घेऊन घरी गेला आणि उपकार फेडायचे म्हणून त्यानं बातमी दिली, 'पाण्याच्या शुद्धतेसाठी सहकाराचे क्रांतिकारी पाऊल, आबासाहेबांची दूरदृष्टी'. वरून मंत्र्याची अभिनंदनाची तार आली. धाराशिवच्या एका सभागृहात आबारावांना शाल घालण्यात आली, आणि त्यांनी तिथं निसर्गावर तासभर भाषण केलं. खांद्यावर शाल आली की माणूस मागं फिरू शकत नाही. ठराव पाळणं भाग पडलं.

आणि आबारावांनी तो अक्षरशः पाळला. ठरावात ओढा होता सावळवाडीचा. कारखान्याच्या दुसऱ्या अंगाला मोरवडचा ओढा होता. त्याचं नाव ठरावात कुठंच नव्हतं. दसऱ्याच्या आत पाइप तिकडं वळला.

बौद्धवाड्यानं मग विहीर दोनदा उपसली. काळा गाळ घमेल्या घमेल्यांनी वर काढला. संक्रांतीपर्यंत पाण्याचा वास गेला. भिमाबाईनं पहिली ओंजळ प्यायली, तोंड वाकडं केलं नाही, आणि मग सगळे प्याले. तिकडं मोरवडची बारव चहाच्या रंगाची झाली आणि तात्यारावांच्या मोसंबीची पानं गळाली. तात्याराव पाणी कमी पडायला लागलं तरी बाग सोडत नव्हते, ती मळीनं सोडवली.

एक दिवस आमच्या विहिरीपासून जरा लांब एक बैलगाडी येऊन थांबली. गाडीत रिकामं पिंप आणि तात्यारावांची बायको केशरबाई, डोक्यावरून पदर. ती गाडीतून उतरली नाही, काही मागितलंही नाही. नुसती विहिरीकडं बघत बसली.

वाड्यातल्या सारजाबाई म्हणाल्या, "बसू दे तिला. बहात्तरला माझी घागर तिच्या नवऱ्यानं पायानं लोटली हुती. फुटली न्हाय, पर चेंबली. अजून तशीच हाय, दाखवू का तिला आणून?"

"लोटली, म्हणून तर आपुन ही हिर खणली," भिमाबाई म्हणाली. "आता हितंबी काठी घिऊन उभं ऱ्हायचं का? मग कशाला खणली? ये गं बाई, खाली उतर. पवरा तुझा तूच वड, आमी कुणाचं नोकर न्हाय."

केशरबाई उतरली. त्या दिवसापासून मोरवडच्या गाड्या रोज यायला लागल्या. हे तात्यारावांना माहीत नव्हतं असं नाही. ते तसं दाखवत होते.

फेब्रुवारीत तात्याराव स्वतः भिमाबाईच्या दारात आले. बौद्धवाड्यात त्यांचं हे पहिलंच पाऊल. बाजेवर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली. भिमाबाईनं चहा पुढं केला.

"आज एकादशी हाय," तात्याराव म्हणाले.

"एकादशीला चहा चालतोय की, तात्या."

"मला दूध सोसत न्हाय."

"मग पाणी तरी घ्या."

"आत्ताच पिऊन निगालोय."

"व्हय, आमच्याच हिरीचं," भिमाबाई म्हणाली.

तात्यारावांना खोकला आला. तो थांबल्यावर त्यांनी कामाचं सांगितलं. सभासदांच्या सह्या जमवून विशेष सभा बोलवायची आणि ठराव करायचा, मोरवडच्या ओढ्यात मळीचं पाणी सोडू नये. भिमाबाई आता या कामात नावाजलेली, तिनं सूचक व्हावं.

मच्छिंद्र दाराशी उभा होता. त्यानं विचारलं, "मग पाणी कुठं सोडायचं, तात्या?"

"ते चेअरमन बघतील."

"चेअरमन उतार बघतात."

भिमाबाई म्हणाली, "चूक आमच्याकडनं झाली. ठरावात आमी आमच्या ओढ्याचं नाव घातलं. कुठल्याच ओढ्यात सोडू नये, असं म्हणाया पाह्यजे हुतं. तुमच्या ठरावात तसं घाला, म्या अंगठा देते."

"तसं केलं तर कारखानाच इरोधात जातोय, भिमाबाई. आदी आमचं हुंद्या. मग तुमचं बघू."

"बारवेवरबी असंच सांगितलं हुतं तुमी. आदी आमचं भरू द्या."

तात्यारावांनी टोपी घातली. त्यांना तिच्या अंगठ्याची तशी गरज नव्हती. मोठ्या बागायतदारांची एक रीत होती. जितक्या माणसांच्या नावावर शेअर, तितकी मतं, म्हणून त्यांनी आईच्या, बायकोच्या, भावजयांच्या, सुनांच्या नावावर शेअर घेऊन ठेवलेले होते. बायकांना ते शेअर चुलीतल्या राखेइतकेही माहीत नव्हते. मत टाकायच्या दिवशी घरचा कर्ता सगळ्यांचं मिळून एकदाच बघायचा. मोरवडच्या सह्या आणि अंगठे चार घरांतूनच पुरे झाले.

आबारावांनी विशेष सभा तत्परतेनं बोलावली. त्यांचं काय जात होतं? तात्यारावांचा ठराव झाला की पाइप परत आमच्याकडं वळणार, आणि वळवायला आता कारणही लोकशाहीचं मिळणार. फक्त त्यांनी जेवण ठेवलं नाही. बुंदी नाही म्हटल्यावर गर्दी येणार नाही, गर्दी नाही म्हणजे आयत्या वेळी घोटाळा नाही, असा त्यांचा होरा. गर्दी खरंच आली नाही. ओढ्याकाठचे लहान शेतकरी आले, कारण त्यांच्याही विहिरी बाटल्या होत्या. आणि मोरवडहून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून सभासद बायका आल्या. हात मोजायची वेळ आलीच तर कमी पडायला नकोत, म्हणून तात्यारावांनी त्यांना पहिल्यांदाच घराबाहेर काढलं होतं. वाटेत सांगून ठेवलं होतं, म्या हात वर केला की करायचा, खाली घेतला की घ्यायचा.

एमडींनी तात्यारावांचा ठराव वाचला. शिवलिंगअप्पांनी तोंड उघडलं.

"थांबा, अप्पा," भिमाबाई उठून म्हणाली. "माझी उपसूचना हाय. मोरवडच्या ओढ्यात, याच्या जागी कुठल्याच ओढ्यात असं घाला."

आबारावांनी घड्याळाकडं बघितलं. "उपसूचना अशा तोंडी चालत नसत्यात."

"चालतात," दोरीबाहेरून मच्छिंद्र म्हणाला.

"तू सभासद न्हाईस. बाहेर हो."

"बाहेरच उभा आहे, साहेब."

लहान शेतकऱ्यांत हसू फुटलं. आबाराव उभे राहिले आणि त्यांनी आवाज बदलला. म्हणाले, कुठल्याच ओढ्यात सोडायचं नाही तर कारखाना बंद पडेल, ऊस फडात वाळेल, तुमच्या मुलाबाळांच्या तोंडचा घास जाईल.

"कारखाना चालवा की," भिमाबाई म्हणाली. "तुमचं पाणी तुमच्या जागेत खड्डा खणून ठिवा. आमच्या पेण्याच्या पाण्यात का? खणायला मानसं न्हाईत म्हणाल तर आमी येतो."

आबारावांनी विचारलं, "उपसूचना कुणाला मान्य हाय?" लहान शेतकऱ्यांचे हात वर गेले. आबारावांनी ते पुरते वर जायच्या आत सांगून टाकलं, "नामंजूर."

"मोजा," भिमाबाई म्हणाली.

मागून कुणीतरी म्हणालं, "मोजा की. नुसतं हातच मोजायचेत, काय लई अवघड हाय?"

शेवटी मोजायचं काम शिवलिंगअप्पांवर आलं. ते रांगांमधून बोट नाचवत फिरायला लागले. तात्यारावांचे हात मांडीवर होते. त्यांच्या मागं बसलेल्या बायकांचेही मांडीवर होते. मग केशरबाईनं हात वर केला. पदर घसरला, तो तिनं दुसऱ्या हातानं सावरला. पहिला हात वरच ठेवला.

तात्याराव मागं न वळता दबक्या आवाजात म्हणाले, "हात खाली. आपला ठराव ह्यो न्हाय."

"तुमचा ठराव झाला की पाइप भिमाबाईच्या हिरीकडं," केशरबाई म्हणाली. "आपली बारव काय लगीच पेण्याजोगी हुत न्हाय. मंग म्या गाडी कुठं न्यायची?"

"घरी बोलू."

"घरी कोण मोजतंय?"

"शेअर नावाला हाय तुझ्या."

"मग नाव लिवून घ्या, अप्पा. केशरबाई तात्याराव, मोरवड."

तिची जाऊ तिच्याकडं बघत होती. तिनंही हात वर केला. मग सुनांनी केला. ट्रॉली भरून आणलेले हात एकेक करून वर झाले, आणि तात्याराव त्यांच्या पुढं एकटे बसून राहिले, स्वतःच्याच पाहुण्यांत ओळख नसल्यासारखे.

अप्पांनी मोजून आकडा सांगितला, तो मांडवातल्या निम्म्या सभासदांहून जास्त होता. आबाराव म्हणाले, नीट ऐकू आलं नाही, पुन्हा मोजा. पुन्हा मोजले. आबाराव म्हणाले, घाई नको, लोकशाही आहे, सावकाश मोजा. आणि स्वतः पंख्याखाली सरबत मागवून बसले. ऊन मांडवाच्या कापडातून खाली उतरत होतं. त्यांचा डाव सगळ्यांना कळला. हात दुखून आपोआप खाली येतात, त्याला विरोध मोडणं म्हणत नाहीत.

केशरबाईचा हात हळूहळू खाली यायला लागला. तेव्हा मच्छिंद्रजवळ उभ्या असलेल्या सारजाबाई दोरीखालून आत शिरल्या, तिच्याजवळ उकिडव्या बसल्या आणि तिच्या कोपराखाली आपली मूठ लावली. तोंडानं म्हणाल्या, "लई बागायतदारीण झाली म्हंजे असं हुतं. रोज पाणी वडायची सवय न्हाय."

"म्हैनाभर वडतेय की, आत्या," केशरबाई म्हणाली.

"म्हैनाभरानं काय हुतंय?"

आबारावांनी सरबताचा पेला ठेवला. "ही बाई सभासद न्हाय. एमडी, असला आधार दिलेला हात धरायचा का सोडायचा?"

एमडींनी उपविधीचं पुस्तक चाळलं, पुन्हा चाळलं. "साहेब, नियमात हात लिहिलाय. कोपराबद्दल काही लिहिलेलं नाही."

"मग?"

एमडींनी चष्मा काढला. अंगाला घाम सुटला होता, समोर हात होते, आणि स्टेजवरून खाली उतरायला एकच जिना होता, तोही बायकांच्या बाजूला. "मग धरावा लागतो, साहेब," ते म्हणाले.

अप्पांनी तिसऱ्यांदा मोजलं. आकडा तोच निघाला.